मध्ये पडावे की पडू नये?

भिवंडीच्या यंत्रमाग वस्त्यांमध्ये नवराबायकोचे भांडण घरात कोंडून ठेवता येत नाही. शांतीनगर, गैबीनगर, पद्मानगर, कामतघर अशा भागांत दहा बाय दहाच्या खोल्या एकमेकींना लागून उभ्या आहेत. मधल्या भिंती पातळ, वर पत्रा आणि खाली किंवा बाजूला कारखान्याचा अखंड खडखडाट. मागांच्या आवाजामुळे इथे साधे बोलणेही वरच्या पट्टीतच होते. भांडण झाले की ते चार घरांत पोहोचते. ऐकू सगळ्यांना येते, मग ऐकणाऱ्यांनी काय करायचे? दोन उत्तरे तयारच असतात. पहिले, ‘घर का मामला है’ म्हणून टीव्हीचा आवाज वाढवायचा. दुसरे, वयाने मोठे दोघेतिघे जमवून दार ठोठावायचे, दोघांना समोरासमोर बसवायचे, त्याला चार शब्द आणि तिला आठ शब्द ऐकवायचे आणि ‘झाले ते झाले’ म्हणून उठायचे. ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, असे या लेखाचे म्हणणे आहे. शेजाऱ्याचा खरा उपयोग भांडण थांबवण्यात आहे. मिटवण्याचा अधिकार त्या दोघांचा आहे. आणि घरात मारहाण असेल तर मिटवायचे की नाही, हे आधी मार खाणाऱ्या व्यक्तीने ठरवायचे आहे.

हा प्रश्न भिवंडीत अधिक टोकदार का होतो, हे समजण्यासाठी या शहराची घडण पाहावी लागते. २०११ च्या जनगणनेत भिवंडी-निजामपूर शहराची लोकसंख्या सात लाखांच्या वर होती आणि तीत पुरुषांचे प्रमाण स्त्रियांपेक्षा बरेच जास्त होते. यंत्रमागावर काम करायला उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणा अशा प्रांतांतून पुरुष आधी एकटे येतात. बस्तान बसले की काही जण बायकामुलांना घेऊन येतात. आपल्याकडे लग्नातला तंटा सोडवायची जुनी यंत्रणा नात्यांची आहे. मुलीचा बाप, मामा, थोरला दीर, दोन्हीकडची चार जाणती माणसे बसतात आणि मुलगी ‘नांदायला’ परत जाते किंवा माहेरी थांबते. ही यंत्रणा निर्दोष कधीच नव्हती. पण मुलीच्या बाजूने बोलणारे कोणीतरी त्या बैठकीत असायचे. आजमगडहून किंवा दरभंग्याहून भिवंडीत आलेल्या बाईचे माहेर रेल्वेच्या एका दिवसाहून जास्त अंतरावर असते. भिवंडी परिसरातल्या आगरी गावांमध्ये गावकी आहे, जुन्या कोकणी मुस्लिमांच्या जमाती आहेत, पद्मानगरच्या तेलुगू पद्मशालींचा समाज आहे. भाड्याच्या खोलीत नव्याने आलेल्या जोडप्याला यांतले काहीच लागू नसते. माहेर लांब, सासरही लांब, जवळ फक्त भिंतीपलीकडचे घर. शेजारी तिच्यासाठी अनेक पर्यायांपैकी एक नसतो. बहुधा तो एकटाच असतो.

भांडणांची कारणे शोधायलाही फार लांब जावे लागत नाही. यंत्रमागावर दिवसाची आणि रात्रीची अशा बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. मजुरी विणलेल्या कापडावर मिळते; वीज गेली, सूत महागले, मंदी आली की माग थांबतात आणि पाकीट हलके होते. त्यातून खोलीचे भाडे जायचे, गावाकडे पैसे पाठवायचे, उरलेल्यात घर चालवायचे. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दिवसा झोप हवी असते आणि त्याच एका खोलीत मुले खेळत असतात. बाई काल्हेर, पूर्णा, राहनाळ किंवा माणकोलीच्या गोदामांत पॅकिंगच्या कामाला जाऊ लागली तर तिच्या येण्याजाण्याच्या वेळेवरून आणि तिच्या पगारावर हक्क कोणाचा यावरून नवा वाद सुरू होतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी अनेक जोडप्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. जोडप्यांमधले सुमारे दोन तृतीयांश वाद कायमचे असतात, ते कधी पूर्ण सुटत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. सुखी जोडप्यांतही हे वाद असतात. ती माणसे त्यांच्यासह जगायला शिकलेली असतात. हे खरे मानले तर एका संध्याकाळच्या बैठकीत ‘प्रकरण मिटले’ असे जाहीर करणाऱ्या मध्यस्थाने नेमके काय मिटवले, हा प्रश्न उरतोच. पैसा, वेळ आणि जागा यांची ओढाताण दुसऱ्या दिवशी सकाळी तिथेच असते.

शेजाऱ्यांच्या हस्तक्षेपाचा विचार करायला भिवंडीइतके योग्य गाव दुसरे नाही, कारण शेजाराच्या बळावर मोठा अनर्थ टाळण्याचा एक प्रयोग याच गावाने करून दाखवला आहे. मे १९७० आणि मे १९८४ मध्ये भिवंडीत भीषण जातीय दंगली झाल्या. १९७० च्या दंगलीची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. पुढे १९८८ मध्ये पोलिस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या. अशा सुमारे ७० समित्या झाल्या. त्यांत हिंदू आणि मुस्लिम दोन्ही होते आणि त्या भागातला पोलिसही बैठकीला असे. महत्त्वाची गोष्ट ही की या बैठका दंगल पेटल्यावर बोलावल्या जात नव्हत्या. काहीही घडलेले नसताना त्या नियमित होत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत सुमारे ९०० माणसे मारली गेली. तेव्हा दंगलीसाठीच ओळखली जाणारी, मुंबईपासून जवळच असलेली भिवंडी शांत राहिली. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ च्या आपल्या ग्रंथात या उदाहरणाची दखल घेतली. वेगवेगळ्या समाजांतली माणसे एरवी एकमेकांत मिसळत असतील तर अफवा आणि चिथावणी यांना आवर बसतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

या अनुभवातून घरगुती भांडणासाठी काय घ्यावे? सर्वांत मोठा धडा असा की समितीने दोन समाजांमध्ये निवाडा केला नाही. इतिहासात चूक कोणाची, हे ठरवण्याच्या फंदात ती पडली नाही. तिने ओळख निर्माण केली आणि ती टिकवली. खबर वेळेवर योग्य जागी पोहोचेल अशी वाट तयार ठेवली. आणि ठिणगी पडली तर तिथे चार माणसे उभी राहतील, याची तजवीज केली. शेजाऱ्याचे बळ नेमके याच तीन गोष्टींत असते. तो रोज दिसतो, त्याला सगळ्यात आधी कळते आणि तो दोन मिनिटांत दारात पोहोचू शकतो. समुपदेशक, वकील किंवा पोलिस यांच्याकडे हे बळ नाही. उलट, कायद्याची माहिती, दोन्ही बाजू शांतपणे ऐकण्याचे प्रशिक्षण, ऐकलेले पोटात ठेवण्याची व्यावसायिक शिस्त आणि दिलेला शब्द पाळायला लावण्याचा अधिकार शेजाऱ्याकडे नसतो. आपल्याकडे जे आहे ते वापरावे आणि जे नाही त्याचा आव आणू नये, हे साधे तत्त्व इथे लागू पडते.

मोहल्ला समितीचे प्रारूप जसेच्या तसे संसाराला लावता येणार नाही, हेही तितकेच खरे. समितीत दोन्ही बाजूंची माणसे मुद्दाम घेतलेली होती. चाळीतल्या बैठकीत असे कोणी मोजून घेत नाही. खोली नवऱ्याच्या नावावर, ओळखी नवऱ्याच्या, जमलेली माणसे त्याच्या गावची किंवा त्याच्या कारखान्यातली, आणि बहुतेक सगळे पुरुष. बाई या वस्तीत मागाहून आलेली असते. अशा बैठकीत दोघांनाही ‘थोडे थोडे समजून घ्या’ असे सांगणे कानाला निःपक्षपाती वाटते. प्रत्यक्षात एकाला आवाज खाली आणायला सांगितले जाते आणि दुसरीला मार विसरायला. दोन असमान माणसांकडे समान सवलत मागितली की तोटा दुबळ्याचा होतो. शिवाय शेजाऱ्यांचा स्वतःचाही एक स्वार्थ असतो आणि तो मान्य करायला हरकत नाही. त्यांना रात्री झोप हवी असते, मुलांच्या कानांवर शिव्या पडायला नको असतात, गल्लीत पोलिसांची गाडी यायला नको असते. म्हणजे त्यांना शांतता हवी असते. पण घरातली शांतता दोन प्रकारची असते: वाद निवळल्याची आणि एकाने बोलणे सोडल्याची. भिंतीपलीकडून ऐकणाऱ्याला या दोन्ही सारख्याच वाटतात.

सरकारी योजनांमध्येही हीच खोच दिसते. १५ ऑगस्ट २००७ रोजी महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावपातळीवरची समिती महसुली, दिवाणी आणि किरकोळ फौजदारी तंटे सामोपचाराने मिटवेल आणि तंटामुक्त ठरलेल्या गावाला लोकसंख्येनुसार रोख बक्षीस मिळेल, अशी ही कल्पना होती. बांधाच्या, वाटणीच्या, पाण्याच्या वादांत तिचा उपयोग उघड आहे. तिथे दोन्ही पक्ष आपापल्या घरी जातात आणि मध्ये एक बांध असतो. नवराबायकोच्या तंट्यात दोन्ही पक्ष त्याच दाराने आत जातात. त्यामुळे शेताच्या वादात ‘मिटले’ याचा जो अर्थ होतो, तो इथे होत नाही. आणि यश जेव्हा मिटलेल्या तंट्यांच्या संख्येवर मोजले जाते, तेव्हा तक्रार नोंदवणारी बाई गावाच्या बक्षिसाआड येणारी ठरण्याचा धोका असतो. योजना राबवणाऱ्यांचा हेतू चांगला असला तरी मोजमापाची ही पद्धत त्यांना तक्रार मागे घ्यायला लावण्याकडे ढकलते.

न्यायालयांतही नागरिकांच्या समितीचा हा प्रश्न गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा आला आहे. विवाहित स्त्रीच्या छळाविरुद्धचे भारतीय दंड विधानातले कलम ४९८-अ १९८३ चे. आता त्याची जागा भारतीय न्याय संहितेतल्या कलम ८५ आणि ८६ ने घेतली आहे. २७ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा आदेश दिला की प्रत्येक जिल्ह्यात तीन सदस्यांची कुटुंब कल्याण समिती असावी, अशा तक्रारी आधी तिच्याकडे जाव्यात आणि तिचा अहवाल येईपर्यंत सर्वसाधारणपणे अटक होऊ नये. सदस्य म्हणून समाजसेवक, निवृत्त मंडळी, अधिकाऱ्यांच्या पत्नी, इतर नागरिक असे कोणीही चालणार होते. वर्षभरानंतर, १४ सप्टेंबर २०१८ रोजी, त्याच न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ही समिती रद्द केली. कायद्याने ज्यांना काही स्थान दिलेले नाही, त्यांच्या हाती फौजदारी तक्रारीचा पहिला निर्णय देता येणार नाही, हा त्यामागचा विचार होता. तरी वाद संपला नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दोन महिन्यांचा थंडावा आणि कुटुंब कल्याण समिती अशी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली होती. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुढे चालू ठेवली. न्यायालयांचे मत असे हेलकावे खाते, कारण दोन खऱ्या भीती एकमेकींसमोर उभ्या आहेत. एक, खोट्या किंवा रागाच्या भरात केलेल्या तक्रारीने अख्खे घर तुरुंगात जाण्याची; दुसरी, खऱ्या तक्रारीचा दोन महिन्यांत ‘समजुतीने’ गळा घोटला जाण्याची.

संसदेने मात्र एका ठिकाणी सीमारेषा बरीच स्पष्ट आखली. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीचे स्वतंत्र प्रकरण आहे. एखाद्या भागातल्या रहिवाशांमध्ये किंवा कुटुंबांमध्ये शांतता आणि सलोखा बिघडवू शकेल असा वाद असेल, तर सर्व पक्षांच्या आधी घेतलेल्या संमतीने तीन मध्यस्थांचे मंडळ तो सोडवायचा प्रयत्न करू शकते, अशी ही तरतूद आहे. त्यातून झालेला समझोता न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अमलात आणता येत नाही, असेही कायदा स्पष्ट सांगतो. यातल्या दोन अटी प्रत्येक शेजाऱ्याने लक्षात ठेवण्यासारख्या आहेत: संमती आधी हवी, आणि जे ठरेल ते न्यायालयाच्या हुकमासारखे बंधनकारक नाही. चाळीतल्या बैठकीत नेमके उलटे घडते. बोलावणे अचानक येते आणि ‘आता पंचांसमोर कबूल केलेस’ म्हणून ठरलेली गोष्ट गळ्यात अडकते. पंचांचा शब्द न मानणाऱ्याला वाळीत टाकणे हा तर महाराष्ट्रात २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरवला आहे.

भिवंडी मुस्लिमबहुल शहर आहे, त्यामुळे इस्लामी परंपरेतली तरतूद इथे विशेष प्रस्तुत ठरते. कुराणातल्या चौथ्या सूरेतली पस्तिसावी आयत पती-पत्नीत फूट पडण्याची भीती असेल तर त्याच्या घरातला एक आणि तिच्या घरातला एक असे दोन मध्यस्थ नेमायला सांगते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद इथल्या पूर्णपीठाने मे २००२ मध्ये आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही असा निर्णय दिला की तलाकसाठी वाजवी कारण लागते आणि त्याआधी असा समेटाचा प्रयत्न झालेला असला पाहिजे. या रचनेत शहाणपण आहे. मध्यस्थ दोन आहेत आणि त्यांपैकी एक बाईच्या बाजूचा असणे ऐच्छिक नाही. मोहल्ल्यातल्या बैठकीत हीच अर्धी बाजू गळून पडते. ती भरून काढण्याचा एक प्रयत्न भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने केला. २००७ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेने २०१३ मध्ये मुंबईत स्त्रियांनी चालवलेली शरिया अदालत सुरू केली. तिच्याबद्दल मतभेद असू शकतात. पण मध्यस्थाच्या जागी कोण बसते यावर समेटाची दिशा ठरते, हे तिने दाखवून दिले.

इथवर वाचून कोणी म्हणेल की मग शेजाऱ्याने लांबच राहिलेले बरे. नवराबायकोच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये, असे आपली माणसे सांगत आली आहेत ते काही उगाच नाही. या म्हणण्याची ताकद किती आहे आणि किंमत किती आहे, हे एका प्रयोगाने दाखवले आहे. १९७६ मध्ये लान्स शॉटलँड आणि मार्गारेट स्ट्रॉ या अमेरिकी संशोधकांनी स्त्रीवर हल्ला होत असल्याचा देखावा उभा केला. काही वेळा ती ‘मी तुला ओळखत नाही’ असे ओरडे आणि काही वेळा ‘तुझ्याशी लग्न का केले कुणास ठाऊक’ असे. बाकी सगळे सारखेच. पहिल्या प्रसंगात ६५ टक्के लोक मदतीला धावले, दुसऱ्यात फक्त १९ टक्के. लग्नाचा नुसता उल्लेख झाला आणि तोच हल्ला बघणाऱ्यांच्या लेखी खासगी मामला झाला. ही सवय केवळ आपली नाही, हे यातून कळते. ती योग्य आहे, हे कळत नाही. घराची मर्यादा जपायची ती आतल्या माणसांच्या भल्यासाठी. आतले माणूसच किंचाळत असेल तर ती मर्यादा जपून कोणाचे भले होते?

शेजाऱ्याने लांब राहू नये, याचे आणखी ठोस कारण आकड्यांत आहे. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे २५ टक्के स्त्रियांनी पतीकडून कधी ना कधी हिंसा झाल्याचे सांगितले. देशाचा आकडा २९ टक्क्यांच्या आसपास आहे. याच पाहणीनुसार देशात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्के स्त्रियांनी मदत मागितली. ७७ टक्के स्त्रियांनी मदतही मागितली नाही आणि कोणाला सांगितलेही नाही. ‘हे काम तज्ज्ञांवर सोडा’ असा सल्ला देणाऱ्यांनी हा ७७ चा आकडा पुढ्यात ठेवावा. पोलिस आयुक्तालयाच्या हद्दीत स्त्रियांच्या तक्रारींसाठी भरोसा सेल असतो. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या सोबतीने सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष आज महाराष्ट्रभर पसरला आहे. पण तज्ज्ञाच्या टेबलापर्यंत तीच बाई पोहोचते, जिने कोणाला तरी सांगितले. जिने कोणालाच सांगितले नाही, तिचे ऐकणारे कोणी असेल तर ते भिंतीपलीकडेच आहे.

म्हणजे लांब राहणे परवडत नाही आणि पंच होणे योग्य नाही. मधली वाट आहे का? ‘ब्रेकथ्रू’ या संस्थेने २००८ मध्ये सुरू केलेल्या ‘बेल बजाओ’ मोहिमेने ती वाट अगदी सोपी करून दाखवली. त्या जाहिरातींमधला शेजारी मारहाणीचा आवाज ऐकतो, उठतो, त्या घराची बेल वाजवतो आणि काहीतरी क्षुल्लक गोष्ट मागतो. तो उपदेश करत नाही, चौकशीही करत नाही. बाहेर कोणीतरी ऐकते आहे, एवढेच आतल्या माणसाला कळते आणि हात थांबतो. ज्या वस्तीत दाराला बेल नसते, तिथे हाक, कडी किंवा पाण्याची कळशी तेच काम करते. यावर रास्त आक्षेप असा की माणूस बाहेरच्यासमोर थांबेल आणि दार लागल्यावर ‘तूच सांगितलेस’ म्हणून दुप्पट मारेल. मध्ये पडलेल्या पुरुषाचे नाव तिच्याशी जोडले जाईल, ते वेगळेच. हा धोका खरा आहे. म्हणूनच तिच्या तोंडचे काहीही त्याच्यासमोर उच्चारू नये, पुरुषाने एकट्याने आत जाऊ नये, बाईशी बाईने बोलावे आणि तेही तो कामावर असताना, नळावर किंवा जिन्यात, एकांतात. तिला काय हवे आहे हे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. काहीच नको म्हणाली तर दार उघडे आहे एवढे सांगून परतावे. दुसऱ्यांदा विचारायची तयारी मात्र ठेवावी.

साधे भांडण आणि हिंसा यांतला फरक बाहेरच्याला कसा कळणार, हा पुढचा आक्षेप. भांड्याला भांडे लागतेच. प्रत्येक आवाजात अत्याचार शोधला तर कोणाचाच संसार टिकणार नाही. बरोबर आहे. फरक आवाजाच्या पट्टीवरून कळत नाही. दोघांपैकी कोण कोणाला घाबरते, यावरून तो कळतो. दोघेही भांडतात, दोघेही उलट बोलतात, दुसऱ्या दिवशी दोघेही नेहमीसारखे वावरतात, तर तो वाद आहे. तिथे शेजारी मित्र म्हणून ऐकू शकतो, मुले तासभर सांभाळू शकतो, रात्रपाळीवाल्याला झोपायला शांत जागा देऊ शकतो, आणि ही मदत दहा उपदेशांपेक्षा मोलाची आहे. पण एकजण सतत दबून बोलतो, फोन काढून घेतला जातो, पैसे हातात नसतात, अंगावरच्या खुणांची कारणे बदलत जातात, तर तिथे समेटाची भाषाच चुकीची आहे. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली २००६ मध्ये केलेले नियम याबाबत फार विचारपूर्वक लिहिलेले आहेत. समुपदेशक दोघांपैकी कोणाशी किंवा वादाशी संबंधित नसावा. समुपदेशनाचा हेतू हिंसा पुन्हा होणार नाही याची हमी मिळवणे हा असावा. ‘तिने असे केले म्हणून मारले’ ही सबब ऐकूनच घेऊ नये. आणि समझोत्याचा प्रयत्न तिची इच्छा असेल तरच करावा. चाळीतली बैठक बहुधा याच सबबीपासून सुरू होते.

शेवटचे दोन आक्षेप भीतीपोटी येतात. ‘खबर दिली तर आम्ही कोर्टात अडकू’ आणि ‘पोलिसांना कळवले तर घर मोडेल’. पहिल्याचे उत्तर २००५ च्या याच कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात आहे. त्याच्या कलम ४ प्रमाणे हिंसा झाली आहे, होत आहे किंवा होण्याची शक्यता आहे असे सकारण वाटणारी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते आणि सद्हेतूने दिलेल्या माहितीबद्दल तिच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. खोट्या तक्रारींची चिंता करणाऱ्यांनाही खरे ऐकणारा आणि खरे सांगणारा शेजारी हवाच असायला हवा. निरपराध नवऱ्याच्या बाजूने बोलू शकणारा निःपक्ष साक्षीदार त्याच्याइतका दुसरा कोण असणार? दुसरा आक्षेप कारण आणि परिणाम यांची अदलाबदल करतो. घर पोलिसांच्या गाडीने मोडत नाही. ज्या गोष्टीमुळे गाडी बोलवावी लागली, तिने ते आधीच मोडत आणलेले असते. त्याच कायद्याचे कलम १७ तर बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क देते. कायद्याकडे जाणे म्हणजे संसार सोडणे नव्हे. मार न खाता त्याच घरात राहण्याची ती मागणीही असू शकते. मुलांसाठी समेट करा म्हणणाऱ्यांनी मुले काय पाहत मोठी होतात, हेही त्या हिशेबात धरावे.

मोहल्ला समितीपासून बेलपर्यंतचा सगळा पुरावा एकाच क्रमाकडे बोट दाखवतो. आधी थांबवा, मग सुरक्षित करा, मग विचारा. आणि समेटाचा विषय त्या दोघांनी, मारहाण असेल तर मार खाणाऱ्या व्यक्तीने, काढला तरच काढा, तोही दोन्ही बाजूंची माणसे बसतील, त्यांत बाया असतील, नकार देण्याची मुभा असेल आणि दिलेल्या शब्दाची पुढच्या महिन्यात विचारपूस होईल, अशा पद्धतीने. हे ऐनवेळी जमत नाही. भिवंडीच्या समित्या शांततेच्या काळात भेटत होत्या म्हणूनच कठीण काळात उपयोगी पडल्या. तसेच गल्लीतल्या नव्या भाडेकरूच्या बायकोचे नाव भांडणाच्या रात्री विचारण्यापेक्षा ती राहायला आली त्या आठवड्यात विचारलेले बरे. महिलांसाठीची मदतवाहिनी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक फोनमध्ये जपून ठेवा आणि आजच शेजारच्या घरातही सांगून या.